जोडी आधी, रायफल नंतर

२६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, क्रीडमोर नावाच्या नव्याकोऱ्या रेंजवर, आयर्लंड आणि अमेरिका यांचे सहा-सहा नेमबाज समोरासमोर आले. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. प्रत्येकाला प्रत्येक अंतरावर पंधरा गोळ्या. आयरिश संघाने आदल्या वर्षी इंग्लंड-स्कॉटलंडला हरवून मानाची एल्को ढाल जिंकली होती. त्यांच्या हातात डब्लिनच्या रिग्बी घराण्याने घडवलेल्या, तोंडाकडून भरायच्या रायफली होत्या आणि खुद्द जॉन रिग्बी संघात होता. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स कंपन्यांच्या मागून भरायच्या रायफली होत्या. अनुभव मात्र बेताचाच, कारण ती रेंज उघडूनच जेमतेम वर्ष झाले होते.

सामना अगदी शेवटच्या गोळीपर्यंत गेला. आयर्लंड ९३१, अमेरिका ९३० आणि अमेरिकेचा कर्नल जॉन बोडाइन याची एक गोळी शिल्लक. काही मिनिटांपूर्वी जिंजर बिअरची बाटली हातातच फुटल्याने त्याच्या हाताला काचेची जखम झाली होती. हाताला रुमाल गुंडाळून तो आडवा झाला आणि हजार यार्डांवरून त्याने मध्यबिंदू टिपला. चार गुण मिळाले. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

हा सामना बहुतेकदा दोन तऱ्हेच्या रायफलींची झुंज म्हणून सांगितला जातो. पण त्याच दिवशी आयर्लंडच्या मिल्नरनेही एक गोळी थेट मध्यबिंदूवर मारली होती, ती शेजारच्या लक्ष्यावर. नियमाप्रमाणे गुण शून्य. मध्यबिंदूचे चार गुण गेले आणि सामना तीन गुणांनी हुकला. रिग्बीची रायफल निर्दोष होती, मिल्नरचा हात निर्दोष होता. ‘लक्ष्य चुकतंय’ हे वेळेत सांगणारा एक आवाज कमी पडला.

लांब पल्ल्याच्या सांघिक नेमबाजीबद्दल आज जे काही बोलले जाते, त्यात हा आवाज सर्वांत कमी ऐकू येतो. चर्चा असते रायफलीची, स्कोपची, काडतुसाची. पैसाही तिकडेच जातो. हा अग्रक्रम उलटा आहे.

अमेरिकेत दरवर्षी होणारी मॅमथ स्नायपर चॅलेंज ही स्पर्धा पाहिली की हे पटते. नाव केंटकीतल्या मॅमथ केव्ह परिसरावरून आलेले आहे. स्पर्धा तिथे सुरू झाली आणि पुढे जॉर्जियातल्या लष्करी तळावर गेली. दोघांची जोडी, तीन दिवस, ऐन हिवाळा. एका फायरिंग पॉइंटवरून दुसऱ्याकडे जायचे ते पाठीवर सगळे सामान घेऊन, ठरलेल्या वेळेत. सर्वांत कठीण गटातल्या जोड्या अन्न, झोपायची पिशवी, काडतुसे असे सगळे सोबत वागवतात आणि उघड्यावर झोपतात. सैनिक, पोलीस आणि साधे नागरिकही त्यात उतरतात. जॉर्जियातच फोर्ट बेनिंगला अमेरिकी लष्कराची आंतरराष्ट्रीय स्नायपर स्पर्धा होते. तिथेही दोघांचीच जोडी असते, एक गोळी झाडणारा आणि दुसरा स्पॉटर, म्हणजे दुर्बिणीतून वारा वाचून सांगणारा. लष्करी परंपरेत या दोघांपैकी अनुभवी माणूस सहसा स्पॉटर असतो. चाप ओढणे तुलनेने लवकर शिकता येते, वारा वाचायला वर्षे लागतात, हे सैन्याने फार पूर्वी ओळखले.

वारा किती महत्त्वाचा, हे आकड्यांतच पाहावे. .३०८ मापाच्या रायफलीतून सुटलेली गोळी हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, कापायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेते. तेवढ्यात ती सुमारे दहा मीटर खाली येते. ही घसरण मात्र गणिताची गोष्ट आहे. अंतर, गोळीचा वेग आणि हवेची घनता ठाऊक असली की स्कोपवरची चकती किती फिरवायची हे तक्ता सांगतो. वाऱ्यासाठी असा तक्ता पुरत नाही. ताशी १६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा हीच गोळी जवळपास अडीच मीटर बाजूला नेतो. म्हणजे अंदाज ताशी दीड किलोमीटरने जरी चुकला, तरी गोळी पाव मीटर सरकते. हजार यार्डांच्या अमेरिकी लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास २० इंच असतो, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत जेमतेम पाव मीटर. ताशी दीड किलोमीटरचा फरक गालाला जाणवतसुद्धा नाही. तेवढ्यात गोळी वर्तुळाच्या कडेला पोचलेली असते.

हा फरक टिपतो स्पॉटर. दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की तापलेल्या जमिनीवरून उठणारे मृगजळ दिसते. ते सरळ वर उकळताना दिसले तर वारा थांबलेला आहे किंवा नळीच्या रेषेतच वाहतो आहे. एका बाजूला कलले तर वारा तिकडे जातो आहे. पूर्ण आडवे होऊन पळू लागले तर वेग इतका आहे की यापुढे मृगजळ फारसे काही सांगणार नाही, मग गवताकडे, झाडांच्या शेंड्यांकडे पाहायचे. केस्ट्रेलसारखे वाऱ्याचे मापक उपयोगी असते, पण ते सांगते हातापाशी काय चालले आहे ते. आठशे मीटरवरच्या घळीत काय चालले आहे, हे त्याला कळत नाही. गोळी सुटल्यावर तिच्या मागे हवेत क्षणभर उमटणारी थरथरती रेघही स्पॉटरलाच दिसते. झाडणाऱ्याची नजर त्या वेळी धक्क्याने हललेली असते.

पाल्मा या लांब पल्ल्याच्या जुन्या सांघिक सामन्याने हे तत्त्व पुरते पचवले आहे. १८७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त, त्याच क्रीडमोरवर तो सुरू झाला. अंतरे आजही तीच आहेत, ८००, ९०० आणि १००० यार्ड. स्कोप नाही, तिवई नाही. दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आधाराने आडवे होऊन गोळी झाडायची. पण नेमबाजाच्या मागे दुर्बीण लावून प्रशिक्षक बसलेला असतो आणि वाऱ्याचा निर्णय त्याचा असतो. नेमबाजाचे काम सांगितल्या क्षणी चांगली गोळी सोडणे. गोळी भरकटली तर ती कोणामुळे, हाताने की वाऱ्याने, हे दोघांनी प्रामाणिकपणे एकमेकांना सांगायचे. अहंकार आड आला की पुढची दुरुस्ती चुकते. दोन उत्तम नेमबाज एकत्र आणले म्हणजे उत्तम जोडी होत नाही, याचे कारण इथे आहे.

म्हणूनच तयारीची सुरुवात बोलण्यापासून व्हायला हवी. कोणता शब्द कोणी, कधी उच्चारायचा, हे घरी बसून ठरवता येते. लक्ष्य कुठे आहे ते आधी दोघांनी एकमेकांना सांगून खात्री करायची. मिल्नरची चूक इथेच अडते. मग अंतर, मग चकतीचा आकडा, झाडणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. मग ‘तयार’. त्यानंतर स्पॉटर वारा सांगतो आणि गोळी लगेच सुटते, कारण तीन सेकंदांनी तो वारा उरलेला नसतो. चुकलेल्या गोळीनंतर स्पॉटरने ‘थोडं डावीकडे’ असे म्हणून भागत नाही. किती, ते एककात सांगायचे. त्यासाठी दोघांच्या स्कोपचे एकक एकच हवे. मिलिरेडियनमध्ये एक एकक म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, हजार मीटरवर एक मीटर. मिनिट हे कोनाचे दुसरे माप, ते हजार यार्डांवर साधारण साडेदहा इंच भरते. एकाच्या स्कोपवर मिलिरेडियन आणि दुसऱ्याच्या स्कोपवर मिनिट असेल, तर दमलेल्या डोक्याने, घड्याळ पळत असताना गुणाकार करावे लागतात. ते चुकणारच.

तोच न्याय काडतुसाला. दोघांनी एकाच मापाची रायफल आणि एकाच तऱ्हेची मॅगझिन वापरावीत. म्हणजे एकाचा साठा संपला तर दुसऱ्याचा चालतो आणि एकाची रायफल बिघडली तर निदान काडतुसे वाया जात नाहीत. आज या स्पर्धांमध्ये ६.५ क्रीडमोर हे काडतूस खूप लोकप्रिय आहे. हॉर्नाडी कंपनीने २००७ साली ते आणले आणि नाव दिले त्या जुन्या रेंजचेच. .३०८च्या तुलनेत त्याची गोळी वाऱ्याला कमी भुलते आणि धक्काही सौम्य असतो. हा फायदा खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण वारा न वाचणाऱ्या जोडीला तो वाचवू शकत नाही. तिची चूक जरा कमी होते, एवढेच.

सामानाबद्दल बोलायचे तर सर्वांत उपेक्षित वस्तू म्हणजे वही. थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे लागते, सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात वेगात किती फरक पडतो, कोणत्या लॉटची काडतुसे होती, हे लिहून ठेवणारी जोडी दुर्मीळ असते. दारूवर तापमानाचा परिणाम होतो. नळीतून सुटणाऱ्या गोळीचा वेग सेकंदाला नऊ-दहा मीटरने जरी कमी झाला, तरी हजार यार्डांवर ती साधारण पाव मीटर खाली लागते. ऑक्टोबरच्या उकाड्यात तयार केलेला तक्ता घेऊन जानेवारीच्या पहाटे उतरणाऱ्याला हे महागात पडते. फोनमधले ॲप सगळे हिशेब करते, हे खरे, पण थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात आणि पावसात पडदा बोटाला दाद देत नाही. कागदावर छापून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला तक्ता दोघांच्याही मनगटावर किंवा दस्त्यावर असायलाच हवा.

बाकीच्या सामानात चूक होते ती जास्त घेण्याची. हिशेब सोपा आहे. स्कोप आणि दुपायीसह रायफल सहा ते आठ किलो. .३०८चे एक काडतूस साधारण २५ ग्रॅम, म्हणजे दोनशे काडतुसांचे पाच किलो. तीन लिटर पाणी तीन किलो. दुर्बीण आणि तिवई आणखी तीन. अन्न, झोपायची पिशवी, कोरडे कपडे, पावसाचे आच्छादन धरले की पाठ वीस किलोच्या पुढे जाते. इथे जोडी म्हणून विचार केला तर ओझे उतरते. तिवई एकच, अंतरमापक एकच, दुरुस्तीची हत्यारे एकच संच. जी वस्तू बिघडली तर स्पर्धाच संपते, तेवढीच दोन न्यावी. स्कोपचे आणि दस्त्याचे स्क्रू टॉर्क पान्याने मोजून घट्ट करावेत आणि प्रत्येकावर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सरकला हे अंधारातही टॉर्चच्या झोतात कळते. या रेघेला खर्च जवळपास शून्य येतो.

आणि पाय. या स्पर्धांतून बाद होणाऱ्या अनेक जोड्या नेमबाजीत हरत नाहीत, त्या चालताना हरतात. बूट नवे असतात, मोजे ओले असतात, टाच हुळहुळायला लागल्यावर थांबून पट्टी लावायचा संकोच असतो. पुढच्या तासात फोड येतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून नेम धरणे अशक्य होते. सह्याद्रीत वजन घेऊन हिंडणाऱ्या ट्रेकरला यात नवीन काही वाटणार नाही. वजन खांद्यांवर न पेलता कमरेच्या पट्ट्यावर घ्यायचे, ओझे आठवड्या-आठवड्याने वाढवायचे, मोजे बदलायला थांबायचे. मात्र रायफलीवर लाखो खर्च करणारे कित्येक जण ओझे घेऊन पहिल्यांदा चालतात ते थेट स्पर्धेत.

चालणे आणि नेम यांचा सराव वेगवेगळा करणे ही दुसरी मोठी चूक. आरामात गाडीतून उतरून, चटईवर आडवे होऊन मारलेल्या गोळ्या या स्पर्धेबद्दल फारसे काही शिकवत नाहीत. बायथलॉनचे खेळाडू स्की करत, धापा टाकत रेंजवर येतात आणि ५० मीटरवर आडवे होऊन साडेचार सेंटिमीटरचे, उभे राहून साडेअकरा सेंटिमीटरचे वर्तुळ टिपतात. हे जमते, कारण ते दमलेल्या छातीनेच सराव करतात. धडधडत्या हृदयाला शांत होण्याची वाट पाहायला वेळ नसतो. श्वास सोडल्यानंतरच्या छोट्याशा विसाव्यात चाप ओढायची सवय लावून घ्यावी लागते. यासाठी एकही काडतूस लागत नाही. चार किलोमीटर ओझ्यासह चालून यायचे, भिंतीला, खुर्चीला, झाडाच्या फांदीला टेकून रिकाम्या रायफलीचा सराव करायचा, आणि जोडीदाराने त्या वेळी खरीखुरी आज्ञावली म्हणायची. रायफल रिकामी असल्याची खात्री आधी दोघांनीही करायची, हे वेगळे सांगायला नको. दमलेल्या माणसाकडून सुरक्षेच्या चुका होतात आणि या खेळात तिथे क्षमा नाही.

आता प्रश्न आपल्याकडचा. महाराष्ट्राला रायफलीचा वारसा आहे, हे कोणी वेगळे सांगण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले. गुडघ्यावर बसून, आडवे होऊन आणि उभे राहून, अशा तिन्ही स्थितींत तासन्‌तास एकाग्र राहण्याचा तो प्रकार आहे. सहनशक्ती आपल्याकडे आहे, शिस्तही आहे. पण ५० मीटरच्या पुढे नागरी नेमबाजाची वाट जवळजवळ संपते.

कारणे उघड आहेत. ७.६२ मिमीसारखी सैनिकी मापे कायद्याने निषिद्ध वर्गात मोडतात आणि नामांकित खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतींचा उपयोग रेंज असेल तरच. हजार यार्डांची रेंज म्हणजे नुसती हजार यार्ड जमीन नव्हे. .३०८ची गोळी चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, म्हणून मागे तेवढा निर्मनुष्य पट्टा किंवा डोंगर लागतो. अहिल्यानगरजवळच्या लष्कराच्या के. के. रेंजसाठी जमीन देण्याच्या नुसत्या चर्चेने पारनेर-राहुरीचे शेतकरी किती अस्वस्थ झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. तेव्हा खेळासाठी नव्या जमिनीची मागणी करणे गैर ठरेल. कायदा सैल करण्याची मागणी तर मुळीच नको. बंदुकांवरचा आपला कडक ताबा ही चांगली गोष्ट आहे.

मागणी आहे ती असलेल्या गोष्टी वापरण्याची. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत लांब पल्ल्याचा फुलबोअर प्रकार होता, जोड्यांचाही. तो गुरुग्रामजवळ कादरपूरच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या रेंजवर झाला. त्या स्पर्धेत नेमबाजीत भारताने १४ सुवर्णांसह ३० पदके मिळवली, पण फुलबोअरमध्ये एकही नाही. यजमान आपण, रेंज आपली आणि पदके दुसऱ्यांची. त्यानंतर ही वाट पुढे नेण्याचे ठोस प्रयत्न दिसले नाहीत. २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. यजमान देशाचा खेळांच्या निवडीत शब्द चालतो. फुलबोअर जोडीचा आग्रह धरायचा असेल आणि त्यात फक्त पाहुणचार करायचा नसेल, तर जोड्या आजपासून बांधाव्या लागतील.

त्यासाठी लगेच हजार यार्डही नकोत. पुण्याच्या बालेवाडीत ५० मीटरची रेंज आहेच. .२२ रायफलीची हलकी गोळी तेवढ्याशा अंतरातही वाऱ्याने सरकते, त्यामुळे उघड्या रेंजवर वारा वाचण्याचे प्राथमिक शिक्षण तिथेच सुरू होऊ शकते, मागे दुर्बीण लावून बसलेल्या जोडीदारासह. राज्य संघटनेने आपल्या स्पर्धांमध्ये एक प्रकार असा ठेवावा, ज्यात वाऱ्याचा निर्णय फक्त स्पॉटर देईल आणि गुण जोडीला मिळतील. लष्कर आणि केंद्रीय दलांनी आपल्या लांब रेंज वर्षातले मोजके दिवस, स्वतःच्या शस्त्रांसह आणि स्वतःच्या देखरेखीखाली, संघटनेने निवडलेल्या जोड्यांसाठी खुल्या कराव्यात. शस्त्र दलाचे, काडतूस दलाचे, तिथून बाहेर काहीच जात नाही. म्हणजे सुरक्षेचा आक्षेपही राहत नाही. राष्ट्रीय रायफल संघटनेने हा प्रस्ताव गृह आणि संरक्षण मंत्रालयांपुढे यंदाच ठेवावा आणि महाराष्ट्र संघटनेने पहिल्या जोड्यांची नावे द्यायला सर्वांत आधी पुढे यावे.